चित्रं जगभर, भिंती बेवारस

डहाणू म्हटलं की चिकू आणि वारली चित्रं. चित्रांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी पाड्यांवर फिरले, गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंची चित्रं कागदावर उतरली, २०११ मध्ये म्हसेंना पद्मश्री मिळाली. ही चित्रं ज्या भिंतींवर लग्नाकार्यात सुवासिनी काढत आल्या, त्या घरांविषयी मात्र कुणी फारसं बोलत नाही.

तशी घरं आता शोधावी लागतात. गंजाडच्या पुढे एका पाड्यावर एक सापडलं. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप आणि गेरू. मेढी लाकडाच्या, वासे बांबूचे, छप्पर भाताच्या पेंढ्याचं. ते इतकं खाली उतरलेलं, की आत शिरायचं तर कमरेत वाकायलाच हवं. मातीच्या भिंतीची ती छत्रीच.

घरमालक आजोबा शाकारणीतले जाणकार. पाऊस तोंडावर आलेला, म्हणून वरच चढलेले. पेंढ्याचा पहिला थर पागोळीशी, त्यावर अर्धा चढवून दुसरा, असं करत आढ्यापर्यंत. उतार कमी पडला तर पाणी मुरतं आणि पेंढा कुजतो. चुलीचा धूर छपरातून झिरपतो, त्यानं पेंढा कोरडा राहतो, कीडही लागत नाही. ‘‘गॅस आला तशी छपरां लवकर जातात,’’ आजोबा म्हणाले.

पेंढाही आखूड झाला. सुधारित भाताची ताटं बुटकी, शाकारणीला पुरत नाहीत. कारवी तोडायची तर वनखात्याची धास्ती. त्यात घरकुल योजनेतून पक्कं घर मिळत असेल, तर पोरं ते घेणारच. आगीचं भय, विंचूकाटा, दरवर्षीची मेहनत आपण शहरवाल्यांनी कुठे सोसलीय? तरी एवढं खटकतंच: दगडी वाड्याला वारसा म्हणून मान मिळतो आणि दर पावसाळ्याआधी नव्यानं उभं करण्याचं हे कसब कुठल्याच यादीत बसत नाही.

मागणी नाही असंही नाही. किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टवाल्यानं आजोबांना बोलावलं होतं. त्याला पाच वर्षांची हमी हवी होती. आजोबा अजून हसतात. ‘‘एका पावसाची देतो म्हटला. पुढच्या साली परत बोलवा, मजुरी द्या.’’

तिथं आता प्लॅस्टिकचं गवत आहे.