शाळेच्या बँडसाठी साइड ड्रम घेताय? लाकडी की धातूचा, आधी हे पाहा

जूनमध्ये शाळा उघडल्या की १५ ऑगस्टच्या संचलनाची तयारी सुरू होते आणि अनेक शाळांमध्ये बँड पथकाच्या वाद्यांचा विषय निघतो. जुना साइड ड्रम फुटलेला असतो, नवीन घ्यायला वर्गणी किंवा शाळा व्यवस्थापन समितीचा थोडाफार निधी असतो. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, लाकडी दाखवू की स्टीलचा? चकचकीत दिसतो म्हणून स्टीलचा घेतला जातो, नाहीतर 'लाकडाचा आवाज गोड' म्हणून लाकडी. दोन-तीन पावसाळ्यांत तो अडगळीच्या खोलीत पडला, तर पैसा वाया जातोच, शिवाय पोरांचा हिरमोडही होतो.

आवाज नेमका येतो कुठून?

साइड ड्रमला दोन पानं असतात. वरच्या पानावर काड्या पडतात. खालचं पान पातळ असतं आणि त्याला बारीक तारांची पट्टी टेकलेली असते. तिलाच स्नेअर म्हणतात. वरच्या पानावर घाव बसला की आतली हवा दाबली जाते, खालचं पान थरथरतं आणि तारा त्यावर आपटतात. तो 'चर्र' आवाज या तारांचा.

म्हणजे आवाजाचा मोठा भाग पानं, त्यांचा ताण आणि तारा यांवर ठरतो. शेल, म्हणजे ढोलकीच्या भाषेत खोड, त्यात रंग भरतं. धातूचं खोड कडक असतं, त्यामुळे आवाज तीक्ष्ण निघतो आणि घाव संपल्यावरही थोडा घुमत राहतो. लाकूड त्यातला काही भाग शोषून घेतं, म्हणून आवाज आखूड आणि भरीव लागतो. मोकळ्या मैदानावर धातूचा आवाज लांबवर जातो. तोच ड्रम पत्र्याच्या शेडमध्ये वाजवला तर कान किटतात. हा फरक खरा आहे, पण सैल पान आणि वाकड्या तारा असतील तर कोणतंच खोड ड्रमला वाचवू शकत नाही.

खांद्यावरचं वजन

संचलनात ड्रम पट्ट्यावर लटकवून चालायचं असतं आणि वाजवणारी पोरं बारा-चौदा वर्षांची असतात. त्यामुळे वजनाचा विचार आवाजाआधी व्हायला हवा. १४ इंच व्यास आणि साडेपाच इंच उंचीचं नुसतं खोड धरलं, तर धातूंच्या घनतेवरून हिशेब असा येतो:

– स्टील, १ मिलिमीटर पत्रा: सुमारे सव्वा किलो
– पितळ, तेवढाच पत्रा: सुमारे १.३ किलो
– ॲल्युमिनियम, तेवढाच पत्रा: सुमारे ४०० ग्रॅम
– लाकडी प्लाय, ६ मिलिमीटर जाड: सुमारे ६०० ते ६५० ग्रॅम

यात कडी, बोल्ट आणि पट्टा धरलेला नाही. खोडाची उंची दुप्पट झाली की त्याचं वजनही दुप्पट. तास-दीड तासाच्या सरावात हा फरक खांद्याला चांगलाच जाणवतो.

पावसाळा कोणाला सोसतो?

१५ ऑगस्ट भर पावसाळ्यात येतो आणि वाद्यं बहुतेक ठिकाणी ओलसर खोलीतच असतात. पूर्वी चामड्याची पानं हवेतल्या ओलाव्यानं सैल पडायची. १९५० च्या दशकात प्लास्टिकची पानं आली आणि ती अडचण गेली. आता ओलावा त्रास देतो तो खोडाला.

हलक्या प्लायच्या खोडाच्या कडा रंग किंवा वॉर्निश न लावता कोऱ्या सोडल्या असतील तर त्या पाणी पितात, थर सुटतात. वाळवीची भीती वेगळीच. स्टीलवरचा क्रोमचा मुलामा ओरखडला किंवा बोल्टच्या भोकापाशी निघाला की गंज तिथूनच सुरू होतो. पितळ आणि ॲल्युमिनियम असं गंजत नाही. मात्र ॲल्युमिनियमला पोचा लवकर पडतो. पोचा मधोमध पडला तर फारसं बिघडत नाही. काठावर पडला तर पान नीट बसत नाही.

दुकानात काय तपासाल?

१. खिशात लोहचुंबक ठेवा. क्रोमचा मुलामा सगळ्या धातूंवर सारखाच चमकतो. चुंबक चिकटलं तर आत साधं स्टील आहे. पितळ किंवा ॲल्युमिनियमला ते चिकटणार नाही.

२. दोन-तीन दिशांनी टेपने व्यास मोजा. मापात फरक आला तर खोड गोल नाही. त्यावर पान कधीच एकसारखं ताणलं जात नाही.

३. दुकानदार पान काढून दाखवत असेल तर खोड काच किंवा गुळगुळीत कडप्प्यावर ठेवा आणि आत बॅटरी लावा. काठाखालून उजेड झिरपला तर काठ वर-खाली आहे.

४. प्रत्येक बोल्ट फिरवून पाहा आणि तारा सैल-घट्ट करणारा खटका चार वेळा उघड-बंद करा. बिघाड बहुधा इथेच होतो.

मग घ्यायचा कोणता?

लहान मुलं, चालत वाजवणं आणि ओली खोली असं असेल तर ॲल्युमिनियम सोयीचं. पत्रा थोडा जाड घेतला तरी ते हलकंच राहतं. ते मिळालं नाही, तर काठ नीट रंगवलेला चांगल्या प्लायचा ड्रम घ्या आणि तो जमिनीपासून उंच, कोरड्या कपाटात ठेवा. सभागृहातल्या कार्यक्रमांसाठी लाकडीच बरा. बँजो पार्टीसारखं वाद्य गाडीवर ठेवून वाजवायचं असेल तर वजनाचा प्रश्न उरत नाही, तिथे स्टील चालून जातं. पितळेचा आवाज भारदस्त, पण किंमत आणि वजन दोन्ही शाळेला जड जातात.

महागड्या खोडावर सगळे पैसे घालवू नका. त्यातून वरच्या पानाचा एक जादा नग, तारांची एक जादा पट्टी आणि बोल्टची किल्ली घेऊन ठेवा. ऐन १४ ऑगस्टच्या संध्याकाळी पान फाटलं आणि दुकान तालुक्याच्या गावी असलं, तर हेच सामान कामाला येतं.