डबा कोण उघडणार?

काही महिन्यांपूर्वी दुपारी साडेचारच्या सुमारास शेजारची एक मुलगी सत्तरी ओलांडलेल्या आजींना हाताला धरून माझ्या दवाखान्यात घेऊन आली. आजींचे अंग घामाने चिंब झाले होते, हात थरथरत होते आणि बोलणे तुटक होत होते. रक्तातील साखर तपासली, ती ५४ भरली. आजी शुद्धीवर होत्या, गिळू शकत होत्या, म्हणून साखरपाणी पाजले. पंधरा-वीस मिनिटांत त्या सावरल्या. मधुमेहाची गोळी त्यांनी वेळेवर घेतली होती, जेवण मात्र झाले नव्हते. कारण विचारताच त्या ओशाळून म्हणाल्या, "डॉक्टर, डबा उघडलाच नाही हो."

नोकरीला जाणाऱ्या सुनेने सकाळी गरम वरणभात आणि भाजी-पोळी नव्या कोऱ्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून ठेवली होती. संधिवाताने वाकलेल्या बोटांना ते झाकण हलेना. शेजारी हाक मारायचा संकोच वाटला. दोन बिस्किटे खाऊन आजी सुनेची वाट पाहत बसल्या. यात सुनेचा दोष नव्हता. मीही इतकी वर्षे गोळ्यांच्या वेळा लिहून देत आलो, पण 'तुमचा डबा तुम्हाला उघडता येतो का?' असे कधी विचारले नव्हते.

झाकण आधी पाहा

वाफाळते अन्न भरून झाकण लगेच घट्ट लावले, की आतील वाफ थंड होऊन तिचे पाणी होते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. म्हणून साध्या डब्यात अन्न भरल्यावर वाफ जाऊ द्यावी, मगच झाकण लावावे. अडकलेला डबा काही मिनिटे कोमट पाण्यात ठेवल्यास झाकण बहुधा सैल होते.

दुकानात रिकामा डबा सहज उघडतो, त्यावर विसंबू नका. घरी आणल्यावर त्यात गरम पाणी भरून झाकण लावा, निवू द्या आणि ज्यांच्यासाठी तो घेतला आहे त्यांनाच उघडायला सांगा. फिरकीच्या झाकणापेक्षा मोठ्या, हाताला बोचणार नाहीत अशा कड्यांचा डबा अनेकांना सोयीचा पडतो. हातात कंप असेल, तर भरलेला डबा उचलूनही पाहू द्या.

धातू कोणता?

रोजच्या वापरासाठी स्टेनलेस स्टील उत्तम. त्यातील क्रोमियममुळे पृष्ठभागावर पातळ संरक्षक थर तयार होतो. '३०४' प्रतीच्या पोलादात साधारण १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते आणि ते आंबट-खारट पदार्थांना चांगले टिकते. लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे स्टील उत्तम, असा समज आहे. परंतु काही हलक्या प्रतींनाही चुंबक चिकटत नाही. तेव्हा डब्यावरील प्रतीचा छाप पाहावा.

अॅल्युमिनियमच्या डब्यात ताक, चिंचेची आमटी, लोणचे ठेवू नये. आम्लामुळे धातू अन्नात उतरतो. तांब्या-पितळेच्या डब्याची कल्हई उडाली असेल, तर त्यात आंबट पदार्थ मुळीच नको. त्यातून मळमळ आणि उलट्या होऊ शकतात.

घड्याळाकडेही लक्ष असू द्या

धातू कितीही चांगला असला, तरी तो शिळे अन्न ताजे ठेवत नाही. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान राहिले, की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. त्यामुळे ते बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये. भाताबाबत विशेष जपावे. त्यात वाढणाऱ्या एका जंतूचे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. तरुणाला एखाद्या जुलाबावर निभावते, वृद्धाच्या शरीरातील पाणी मात्र लवकर आटते.

डबा सकाळी भरून दुपारी उघडायचा असेल, तर दुहेरी भिंतीचा उष्णतारोधक डबा घ्या. आधी त्यात उकळते पाणी काही मिनिटे ठेवून ओता आणि अन्न वाफाळतेच भरा. अशा डब्याचे झाकण तर अधिकच घट्ट बसते, म्हणून वरची चाचणी चुकवू नका. किंवा अन्न लवकर निववून फ्रीजमध्ये ठेवा व जेवताना वाफ येईपर्यंत गरम करा, मात्र धातूचा डबा मायक्रोवेव्हमध्ये नको. झाकणाची रबरी कडी रोज काढून धुवा व कोरडी करा. तिच्या खोबणीतच अन्नकण साचतात.

आणि आजी-आजोबा, तुम्हालाही एक विनंती. डबा उघडला नाही, तर उपाशी बसू नका. शेजारी हाक मारा, मुलांना फोन करा. मधुमेहाची गोळी घेत असाल, तर साखरेची पुडी हाताशी असू द्या. जेवणासाठी मदत मागण्यात कमीपणा नाही.

त्या आजींकडे आता रुंद कड्यांचा, हलका, दोन पुडांचा डबा आहे. परवा तपासणीला आल्या तेव्हा मी प्रथम साखर विचारली नाही, डबा विचारला. त्या हसून म्हणाल्या, "उघडतो, आणि रिकामाही होतो!"