गुरुजींचे तास

गुरुजी गेल्या पावसाळ्यात गेले. निवृत्तीनंतरही त्यांचा दिवस शाळेसारखाच तासांनी चालायचा. शेजारी राहून मी तो रोज पाहिला.

पहाटे पाच. मुरगुडात आमच्या गल्लीतला पहिला दिवा त्यांच्या सोप्यात लागे.

साडेसहा. डेअरीला दूध घालून परतणाऱ्या बायका किटल्या घेऊन दारात थांबत. "गुरुजी, एवढं बिल बघा की." दहा दिवसांचं बिल, लिटर, फॅट, दर. गुरुजी आकडा सांगून मोकळे होत नसत. कागद तिच्याच हातात ठेवून फॅटच्या रकान्यावर बोट टेकवत. "आक्का, वाचा. येतंय तुम्हाला." ती अडखळत वाची, ते थांबत.

सात ते साडेनऊ शिष्यवृत्तीची पोरं. फी नाही. चौथीची परीक्षा २०१७ साली पाचवीला गेली, तेव्हा या माणसानं निम्मे सराव-कागद नव्यानं लिहून काढले. दीडकी आधी पाठ, मग लगेच कामाला : घरचं दूध सात लिटर, दीड दिवसाचं किती? चुकलं तर लाल रेघ नाही. चुकलेल्या आकड्याखाली पेन्सिलीचा बारीक ठिपका. पोरगं स्वतः खोडून लिही, तोवर गुरुजी खिडकीबाहेर बघत. एवढा धीर मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

दुपारी जेवण, पेपर, डुलकी.

पाच वाजता सर पिराजीराव तलावावर फेरी, मागं चार-पाच पोरं. पिराजीराव हे शाहू महाराजांचे धाकटे भाऊ आणि महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, हे ते तिथंच सांगत. "पाणी धाकट्याच्या नावाचं, शाळा थोरल्याच्या हुकमाची," म्हणत.

रात्री आठ. ऊसतोडीच्या हंगामात बॅटरी घेऊन टोळीच्या खोपींकडं. दिवसा टोळीतली पोरं धाकट्या भावंडांना सांभाळत, म्हणून वर्ग रात्री. कंदिलाभोवती पाट्या. कारखाना बंद होऊन टोळी गावी निघाली, की प्रत्येक पोराच्या आईकडं एक चिठ्ठी, तिकडच्या मास्तरांना दाखवायला. एक मी वाचली होती : 'जोडाक्षरं वाचते. वजाबाकी येते, हातचा विसरते. रागावू नये, परत विचारावं.'