हुमणीला मारतो कोण? कृमी की त्याच्या पोटातला जिवाणू?

पोफळीच्या झावळ्या पिवळ्या पडू लागल्या, शेंडा बारीक होत गेला, की रत्नागिरीतला बागायतदार बुंध्याजवळ खणून पाहतो. हाताला लागते ती हुमणी, भुंगेऱ्याची पांढरट, जाडजूड, अर्धचंद्रासारखी वळलेली अळी. ती मुळे खाते. त्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे बुंध्याशी कीटकनाशक ओतणे. पण आपल्याकडे आगर आणि पिण्याची विहीर बहुधा एकाच कुंपणात असतात आणि जांभ्या जमिनीतून पाणी भराभर खाली झिरपते. त्यामुळे ओतलेले औषध जाते कुठे, हा प्रश्न पोफळीपुरता राहत नाही.

दुसरा उपाय सुचवला की कपाळाला आठी पडते, कारण त्याचे नाव सूत्रकृमी. मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी भाजीपाला करणाऱ्यांना चांगलेच ठाऊक आहेत. मुलांच्या पोटातले जंतही यांचेच दूरचे नातलग. पण हे कुळ अफाट मोठे आहे आणि त्यातल्या स्टायनरनेमा आणि हेटेरोऱ्हॅब्डिटिस या दोन घराण्यांना मुळांशी काही देणेघेणे नाही. ते कीटकांच्या मागावर असतात. त्यातली हेटेरोऱ्हॅब्डिटिस इंडिका ही जात तर नावाप्रमाणे आपलीच. कोइमतूरला सापडलेल्या या कृमीचे वर्णन पॉइनर, करुणाकर आणि डेव्हिड यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केले.

जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा हा कृमी मातीच्या कणांभोवतीच्या ओलाव्यातून सरकत जातो. अळीच्या श्वासातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढतो आणि तिच्या तोंडातून, गुदद्वारातून किंवा अंगावरच्या श्वासरंध्रांतून आत शिरतो. खरा मारेकरी मात्र त्याच्या आतड्यात बसलेला असतो. स्टायनरनेमा झेनोऱ्हॅब्डस नावाचे जिवाणू बाळगतो, हेटेरोऱ्हॅब्डिटिस फोटोऱ्हॅब्डस. कृमी हे जिवाणू अळीच्या रक्तात सोडतो. ते झपाट्याने वाढतात, विषे तयार करतात आणि एक-दोन दिवसांत अळी मरते. मग जिवाणू आणि अळीचे विरघळलेले मांस खाऊन कृमींच्या दोन-तीन पिढ्या तिच्यातच वाढतात. दहा-पंधरा दिवसांनी हजारो नवे कृमी, प्रत्येक जण आपल्या वाट्याचे जिवाणू पोटात घेऊन, नव्या अळीच्या शोधात बाहेर पडतो. जिवाणूला दुसरे वाहन नाही आणि जिवाणूविना कृमीची वीण नाही.

एवढे दिवस ती मेलेली अळी मातीत कुजत कशी नाही? आंब्याच्या दिवसांत एखादे फळ जमिनीवर पडले तर दोन दिवसांत त्याचे काय होते, ते आपण पाहतो. इथे मात्र फोटोऱ्हॅब्डस प्रतिजैविके सोडून बाकीच्या जंतूंना थोपवून धरतो. शिवाय अळीला विटकरी लाल रंग चढतो आणि मुंग्या तिच्यापासून लांब राहतात. म्हणजे शिधा टिकवायचा आणि राखायचाही.

रुग्णालयांना रस आहे तो याच प्रतिजैविकांत. क्लेब्सिएला किंवा ई. कोलाय यांसारख्या जंतूंना बाहेरून एक जादा आवरण असते. ते भेदणारी औषधे मोजकी आहेत आणि त्यांतली बरीच आता निकामी होत चालली आहेत. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील किम लुईस यांच्या गटाने विचार केला तो असा: हे जिवाणू ज्यांच्याशी झगडतात ते जंतू याच जातकुळीचे, आणि त्यांचे औषध कृमीला, म्हणजे एका प्राण्याला, इजा करणारे नसणार. शोध तिथेच घ्यावा. २०१९ मध्ये त्यांना फोटोऱ्हॅब्डसमध्ये डॅरोबॅक्टिन सापडले. ते जंतूच्या बाह्य आवरणाची बांधणी करणाऱ्या प्रथिनालाच जाऊन चिकटते. उंदरांवरचे निकाल चांगले आले. पण उंदीर ते माणूस हे अंतर लांबचे असते, त्यामुळे इतक्यात गोळीची वाट पाहू नये.

आता बागेत काम करणाऱ्यांच्या मनातली शंका. हे आपल्याला चावणार तर नाहीत? हे कृमी माणसाच्या किंवा गुरांच्या अंगात वाढत नाहीत. अमेरिकेत त्यांना कीटकनाशक म्हणून नोंदणीतूनही सूट आहे. फोटोऱ्हॅब्डसच्या एका भाऊबंदाने अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात काही माणसांच्या त्वचेत जखमा केल्याच्या नोंदी आहेत. असे रुग्ण फार थोडे. तरी हातापायाला उघडी जखम असेल तर ती झाकून, हातमोजे घालून काम करावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत. मातीत काम करताना एरवीही हे करायलाच हवे.

हा उपाय जादूचा नाही. हुमणी जन्मापासून मातीत राहते, त्यामुळे अशा शत्रूंना तोंड देण्याची तिची तयारी असते. मोठी झालेली अळी सहज दाद देत नाही. म्हणून पावसाळ्यात अळ्या लहान असतानाच कृमी सोडावेत. ऊन त्यांना सोसत नाही, तेव्हा संध्याकाळी, ओल्या मातीत, बुंध्याभोवती पाण्यातून द्यावेत. उन्हाळ्यात तापलेल्या कोरड्या जमिनीत घातलेला पैसा फुकट जातो. प्रमाणही थोडेथोडके नाही, सर्वसाधारणपणे एकरी शंभर कोटी कृमी. ऐकायला प्रचंड वाटते, पण तेवढे काही पाकिटांत मावतात.

पाकिटात पावडर असली तरी माल जिवंत असतो. तो गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नये, तारीख पाहूनच घ्यावा. वापरण्याआधी चिमूटभर पावडर बशीभर पाण्यात मिसळून थोड्या वेळाने भिंगाखाली पाहावी. कृमी वळवळताना दिसले तर ठीक. सगळेच ताठ, निश्चल पडलेले असतील, तर पाकीट दुकानदाराला परत करावे.