मुधोळ की राजापालयम?

लॅब, शित्झू, हस्की नको, काहीतरी हटके आणि देशी हवंय? मग आधी आपल्या घराकडे नीट बघा.

‘घरात डॉगी आणायचाय!’ अशी घोषणा झाली, की पुढचे चार दिवस दुसरा विषय नसतो. बाबा खर्चाबद्दल बोलतात, आई सोफ्यावर पडणाऱ्या केसांबद्दल, आणि आजी थेट मुद्द्यावर येते, ‘त्याची शी-शू कोण काढणार?’ पनवेल, कामोठे, खारघरच्या सोसायट्यांत लॅब आणि शित्झू पावलोपावली दिसतात. मे महिन्याच्या दमट उकाड्यात धापा टाकणारा हस्कीही एखादा दिसतोच. त्यामुळे ‘इथल्या हवेला मानवणारं देशी ब्रीड घेऊ’ हा विचार एकदम योग्य आहे. ऑगस्ट २०२० मध्ये ‘मन की बात’मध्ये देशी श्वानांचा उल्लेख झाला, तेव्हापासून दोन नावं सारखी कानावर पडतात: मुधोळ आणि राजापालयम.

मुधोळ हा तर आपला शेजारीच. मुधोळ गाव कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात. तिथल्या घोरपडे संस्थानात, राजे मालोजीरावांच्या काळात, हे कुत्रे जपले आणि वाढवले गेले. सांगली-सोलापूरकडे याच जातकुळीच्या कुत्र्याला ‘कारवानी’ म्हणतात. उंच, सडपातळ, पोट आत गेलेलं आणि लांब निमुळतं तोंड. राजापालयम तमिळनाडूतल्या विरुधुनगर जिल्ह्यातला. पांढराशुभ्र रंग, गुलाबी नाक आणि मुधोळपेक्षा भरदार अंग. पूर्वी तो रानडुकराच्या शिकारीला आणि शेतावर राखणीला असायचा. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी श्वानांवर चार तिकिटं काढली, त्यांत हे दोघेही होते.

दोघेही वासापेक्षा नजरेवर शिकार करणारे. दोघांचे केस आखूड, त्यामुळे ग्रूमिंगचा ताप नाही. फोटोत तर दोघेही भारीच दिसतात. फरक कळतो तो घरात आणल्यावर.

दारावर कोण येतं?

फ्लॅटची बेल दिवसातून किती वेळा वाजते, मोजा. दूध, पेपर, कचरा, कुरिअर, पार्सल, शेजारच्या काकू. राजापालयम घरच्यांसाठी जीव टाकतो, पण परक्या माणसावर त्याचा पटकन विश्वास बसत नाही. राखण हे त्याचं कामच. वाडीवर हा गुण सोन्यासारखा, पण सोसायटीच्या लिफ्टमध्ये रोजची डोकेदुखी. मुधोळही अनोळखी माणसापासून चार हात लांबच राहतो, पण बहुतेकदा अंगावर जाण्यापेक्षा बाजूला होणं पसंत करतो. पिल्लू असल्यापासून माणसांची, गर्दीची सवय लावणं मात्र दोघांनाही मस्ट.

पळायला कुठे?

मुधोळची खरी परीक्षा इथे आहे. मांजर किंवा कोंबडी दिसली की तो सुसाट सुटतो, आणि मग तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही. शेजारून सायन-पनवेल हायवे जात असताना त्याला मोकळं सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. कुंपण असलेली जागा मिळाली तरच पट्टा काढायचा. त्याचं डोकं निमुळतं असल्याने साधा पट्टा मागे खेचून तो सहज निसटतो, त्यामुळे मानेला रुंद पट्टा किंवा नीट बसणारा हार्नेस हवा. पळणं झालं की तो घरी मुकाट झोपतो. पळणं झालं नाही, तर सोफा आहेच!

पावसाळा दोघांनाही सारखाच. जून ते सप्टेंबर पनवेलमध्ये धो-धो पाऊस, गोचीड आणि साचलेलं पाणी. गोचिडताप आणि लेप्टोबद्दल व्हेटशी आधीच बोला. हाउंड जातीच्या काटक कुत्र्यांना भूल देताना जास्त काळजी लागते, हेही त्यांच्या कानावर घाला. आणि मुधोळच्या बरगड्या थोड्या दिसणारच. ‘याला खायला देत नाही का?’ या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा.

घरी कोण असतं?

हा प्रश्न कुणी विचारतच नाही. कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो. आज तुम्ही एकोणीस-वीस वर्षांचे असाल, तर पुढच्या चार वर्षांत पुण्याला नोकरी किंवा बाहेर मास्टर्स, काहीही होऊ शकतं. रील तुम्ही काढणार, आणि नंतर पट्टा कुणाच्या हातात? गुडघे दुखणाऱ्या आजीच्या. मांजर दिसताच झेपावणारा मुधोळ किंवा अंगाने दणकट राजापालयम तिला आवरणार आहे का? घरातले सगळेच हार्बरने सव्वा तास प्रवास करून मुंबईला कामाला जात असतील आणि घर दहा-बारा तास बंद असेल, तर दोघांपैकी कुणीच नको.

मग कोण?

फ्लॅट असेल आणि घरातल्या दोघांना रोज त्याला पळवणं जमणार असेल, तर मुधोळ. नेरे-वाजेकडे कुंपणाची वाडी किंवा बंगला असेल आणि दिवसभर माणसांचा वावर असेल, तर राजापालयम. फ्लॅटमध्ये राजापालयम ठेवताच येत नाही असं नाही, पण पहिलाच कुत्रा म्हणून नकोच.

पिल्लू घेताना घाई करू नका. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि ब्रीडरची नोंदणी लागते. पिल्लाची आई प्रत्यक्ष बघा, फक्त व्हिडिओवर भागवू नका. राजापालयममध्ये जन्मजात बहिरेपणा आढळतो, म्हणून पिल्लाला भावंडांपासून बाजूला घ्या आणि त्याच्या मागे किल्ल्या वाजवून बघा. घरी आणल्यावर रेबीजची लस आणि महापालिकेकडे नोंदणी करा. सोसायटीने ‘कुत्रे पाळायला बंदी’ असा ठराव दाखवला, तर भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा. त्यानुसार अशी बंदी घालता येत नाही.

तरीही ठरत नसेल, तर एक सोपी टेस्ट आहे. येत्या जुलैमध्ये कुत्रा न आणताच तीस दिवस पहाटे साडेपाचला उठायचं, रेनकोट घालून पाऊण तास चालायचं, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. घरातल्या आणखी एकाने तुमच्यासोबत हे पूर्ण केलं, तर खुशाल ब्रीडरला फोन लावा. आठव्या दिवशी अलार्म स्नूझ केलात, तर पिल्लू पुढच्या वर्षी!