छोटं इंजिन चालतं कशामुळे? किटमधून बांधलेल्या वाफेच्या इंजिनांची गोष्ट



आजचा विषय वरवर पाहिला तर खेळण्यातला वाटेल. पण तासाभराने तुम्हीच म्हणाल की, यात यंत्रशास्त्र आहे, धातुकाम आहे आणि थोडं गणितही आहे. गणिताला घाबरू नका, भागाकार-गुणाकाराच्या पुढे आपण जाणार नाही.

ब्रिटनमध्ये वाफेच्या इंजिनांची किटं बांधण्याची जुनी परंपरा आहे. किट म्हणजे काय? एक चपटा खोका. त्यात पितळेचे किंवा जर्मन सिल्व्हरचे पातळ पत्रे, पाव ते अर्धा मिलिमीटर जाडीचे. त्या पत्र्यांवर इंजिनाचे सगळे भाग आम्लाने कोरून काढलेले असतात. सोबत धुरांडं, घुमट, बफर असे ओतीव भाग. चाकं, मोटर आणि दातेरी चक्रं बहुधा वेगळी विकत घ्यावी लागतात. जर्मन सिल्व्हर म्हटल्यावर आपल्याकडच्या 'जर्मनच्या' भांड्यांशी गल्लत करू नका, ते ॲल्युमिनियम. हे तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण. नावात चांदी, पण आत चांदी नाही.

आता मूळ प्रश्न. अशी कितीतरी इंजिनं बांधून होतात, सुंदर रंगतात आणि काचेच्या कपाटात जाऊन बसतात. रुळावर ठेवली की अडखळतात, लंगडतात, सांध्यावर येऊन थांबतात. बांधणाऱ्याचा हात वाईट असतो का? बहुतेक वेळा नाही. त्याने इंजिनाचा आकार लहान केलेला असतो, पण आकारासोबत सगळंच सारख्या प्रमाणात लहान होत नाही, हे लक्षात घेतलेलं नसतं. आजचं व्याख्यान या एका मुद्द्याभोवती आहे.

काय लहान होतं, काय होत नाही

उदाहरण म्हणून एकच इंजिन घेऊ. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं ५७०० वर्गाचं 'पॅनिअर टँक'. पॅनिअर म्हणजे ओझ्याच्या जनावराच्या दोन्ही अंगांना लटकणाऱ्या गोण्या. या इंजिनाच्या बॉयलरला दोन्ही बाजूंनी तशाच पाण्याच्या टाक्या बिलगलेल्या असतात. १९२९ ते १९५० या काळात अशी ८६३ इंजिनं बांधली गेली. सहा चाकं, सहाही एकमेकांना जोडलेली. वजन सुमारे ४८ टन. सिलिंडर चौकटीच्या आत, त्यामुळे बाहेर फक्त चाकं जोडणारे दांडे दिसतात. पहिलं किट म्हणून हे लोकप्रिय आहे, ते याच साधेपणामुळे.

ब्रिटनमध्ये रूढ प्रमाण आहे एका फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे १:७६.२. आता बघा. लांबी ७६ पट लहान झाली. क्षेत्रफळ ७६ गुणिले ७६, म्हणजे सुमारे ५,८०० पट लहान. आणि वजन? ते घनफळाबरोबर जातं, म्हणून सुमारे ४,४२,००० पट लहान. ४८ टनांचे राहिले १०९ ग्रॅम, म्हणजे एका मध्यम कांद्याएवढं वजन!

कोणी म्हणेल, बिघडलं कुठे? डबेही तितकेच हलके झाले की! बरोबर आहे. चाक घसरू न देणारी पकड वजनाच्या प्रमाणात असते, त्यामुळे तिथे हिशोब जुळतो. पण डबे ओढताना होणारा विरोध मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही. खऱ्या डब्याला उत्तम बेअरिंगं असतात, टनामागे काही किलोचा जोर लावला की तो चालत राहतो. मॉडेलच्या डब्याची बारीक टोकं प्लॅस्टिकच्या खळगीत घासत फिरतात. तिथला विरोध वजनाच्या मानाने कितीतरी जास्त.

फळ्यावर एक हिशोब मांडू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. १०० ग्रॅमचे सहा डबे, एकूण ६०० ग्रॅम. विरोध वजनाच्या २ टक्के, म्हणजे १२ ग्रॅम. इंजिनाची पकड वजनाच्या एक पंचमांश धरली, तर १०९ ग्रॅमचं इंजिन सुमारे २२ ग्रॅम ओढेल. सपाटीवर मजेत चाललं. आता चढ द्या. चढ हे गुणोत्तर असतं, ते लहान होत नाही. आपल्या बोरघाटातला जास्तीत जास्त चढ १:३७. टेबलावरही १:३७ म्हणजे १:३७च, मीटरला २.७ सेंटिमीटर. गाडीचं आणि इंजिनाचं मिळून वजन ७०९ ग्रॅम, त्याला ३७ने भागा, आले १९. त्यात आधीचे १२ मिळवा, झाले ३१. इंजिनाची ताकद २२. चाकं जागच्या जागी फिरत राहणार!

म्हणून मॉडेलवाले टाक्यांमध्ये आणि बॉयलरमध्ये शिसं भरतात. वजन २२० ग्रॅम केलं की पकड ४४ ग्रॅमवर जाते आणि लागणारा जोर होतो ३४. गाडी घाट चढली. हे शिसं खऱ्या इंजिनात नसतं, पण मॉडेलला ते लागतंच. आणि ते भरायचं मधोमध, म्हणजे वजनाचा तोल मधल्या आसावर येईल असं. नाहीतर एका टोकाची चाकं नुसती शोभेला.

वळणांचंही तेच. बाजारातल्या तयार रुळांचं एक नेहमीचं वळण ४३८ मिलिमीटर त्रिज्येचं असतं. ७६.२ने गुणा, झाले ३३ मीटर. एवढ्या आखूड वळणावर खरं इंजिन न्यायचं धाडस कोणी करणार नाही. मॉडेल जातं, कारण आपण मधल्या आसाला आडवी हालचाल करायला मुद्दाम जागा ठेवलेली असते.

डाख आणि कल्हई

आता बांधणीकडे येऊ. पत्र्यावर जिथे घडी घालायची, तिथे अर्ध्या खोलीची रेष कोरलेली असते. ती रेष घडीच्या आतल्या बाजूला यायला हवी. घडी एकदाच घालायची, मागेपुढे केलं की पत्रा तुटतो.

भाग जोडायचे ते डाख देऊन. पुण्याच्या तांबट आळीची ओळख असणाऱ्यांना यातलं बरंच आधीच ठाऊक आहे. कल्हईवाला काय करतो? भांडं स्वच्छ घासतो, तापवतो, नवसागर टाकतो आणि मग कथील फिरवतो. नवसागर कशाला? धातूवरचा गंज काढायला, म्हणजे कथील धरतं. किटच्या कामात नवसागराच्या जागी फॉस्फोरिक आम्लाचा पातळ फ्लक्स असतो, पण काम तेच. स्वच्छता, उष्णता आणि फ्लक्स ही तिन्ही जुळली की डाख पाण्यासारखा सांध्यात शिरतो. एक जरी कमी पडलं तरी त्याचा नुसता गोळा होतो.

दुसरी युक्ती तापमानाची. वेगवेगळ्या तापमानाला वितळणारे डाख मिळतात. सुरुवातीचे सांधे जास्त तापमानाच्या डाखाने करायचे, नंतरचे कमी तापमानाच्या. म्हणजे नवा सांधा करताना जुना सुटत नाही. शेवटी येतात पांढऱ्या धातूचे ओतीव भाग. त्यांना जास्त आच लागली तर धुरांडं डोळ्यांदेखत वितळून जातं. त्यांच्यासाठी ७० अंशाला वितळणारा डाख असतो. पण तो पितळेला थेट धरत नाही. आधी पितळेवर साध्या डाखाचा पातळ थर द्यायचा. म्हणजे कल्हईच, नाही का?

काम झालं की सगळं साबणाने धुवायचं, नाहीतर उरलेला फ्लक्स रंगाखालून हिरवा उगवतो. खिडकी उघडी ठेवा आणि शिशाचा डाख असेल तर जेवणाआधी हात धुवा.

तिपाई आणि चौरंग

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, खालची चौकट. देखणेपण वरच्या भागात असतं, चाल या चौकटीत असते.

घरातला चौरंग आठवा. फरशी जरा वरखाली असली की तो डुगडुगतो आणि मग आपण एका पायाखाली कागदाची घडी सारतो. तिपाई मात्र कधी डुगडुगत नाही. तीन टेकू कुठल्याही जमिनीवर नीट बसतात. सहा चाकांचं ताठ इंजिन म्हणजे सहा पायांचा चौरंग. रूळ केसभर वरखाली झाले की एखाद-दोन चाकं अधांतरी. खऱ्या इंजिनात स्प्रिंगा हे सांभाळून घेतात. मॉडेलमध्ये मात्र अधांतरी चाकाचा अर्थ वेगळा आहे, कारण इथे वीज चाकांतूनच येते. १२ व्होल्ट रुळांत, रुळांतून चाकांत, चाकांतून मोटरला. चाक उचललं म्हणजे तार तुटली.

यावर उपाय तिपाईचाच. एक आस चौकटीत पक्का बसवायचा. उरलेले दोन आस मधोमध टेकलेल्या तुळईवर, तराजूच्या दांडीसारखे. एक वर गेला की दुसरा खाली येतो. टेकू तीनच राहतात आणि सहाही चाकं रुळाला धरून असतात. हे केलं नाही तर चालतच नाही असं नाही. पण मग चौकट काचेवर ठेवून तपासण्याइतकी सपाट आणि रूळ तितकेच नेटके हवेत.

दांड्यांचा हट्ट

आता जोडदांडे. खऱ्या इंजिनात दोन्ही बाजूंचे क्रँक एकमेकांशी ९० अंशांत असतात. कारण उघड आहे. एका बाजूचा दट्ट्या टोकाला जाऊन निष्प्रभ झाला की दुसऱ्या बाजूचा ऐन जोरात असतो.

मॉडेलमध्ये गंमत अशी की सगळं उलटं आहे. वाफ नाही, दट्ट्या ढकलत नाही. मोटर एका आसाला फिरवते आणि तो आस दांड्यांच्या मार्फत बाकीच्यांना फिरवतो. त्यामुळे कोन बरोबर ९०चाच हवा असं नाही, ८८ असला तरी चालेल. पण तिन्ही आसांवर तोच हवा! एकावर ९०, दुसऱ्यावर ८८ झाला की दांडे अडतात आणि इंजिन दर फेऱ्यात एकाच जागी लंगडतं.

दुसरी अट अंतराची. आपल्या पॅनिअर टँकचे आस मॉडेलमध्ये २९ आणि ३३ मिलिमीटर अंतरावर येतात. दांड्यांच्या भोकांमधली अंतरं आणि आसांमधली अंतरं तंतोतंत तीच हवीत. अनुभवी लोक पट्टीने मोजत बसत नाहीत. ते तात्पुरते आस घालून त्यांच्या टोकांवर दांडेच अडकवतात आणि त्या स्थितीत बुश डाख देऊन पक्के करतात. म्हणजे दांडाच मोजमाप ठरवतो.

मग परीक्षा. मोटर बसवायच्या आधी चाकं आणि दांडे लावलेली चौकट उतरत्या काचेवर सोडा. ती आपल्या वजनाने न अडखळता घरंगळली पाहिजे. घरंगळत नसेल तर मोटर लावू नका. मोटर दोष झाकते, दूर करत नाही. इंजिनात विजेचा साठा ठेवणारे छोटे कपॅसिटर आता मिळतात. रूळ अस्वच्छ असेल तर ते कामाला येतात, पण अडलेल्या दांड्यावर त्यांचा उपाय नाही.

मोटर, वेग आणि रूळ

वेगाचा हिशोबही पाहू. खरी गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असेल, तर आपली सेकंदाला २२ सेंटिमीटर जायला हवी. चाकाचा व्यास १८.५ मिलिमीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे २२५ फेरे. मध्ये ४० ला १ अशी चक्रं असतील तर मोटरचे फेरे ९,०००. आणि शंटिंगला ताशी ६ किलोमीटर? फेरे ९००. मोटरला हा हळू वेग न गचकता द्यायचा असतो. बहुतेक लोक मॉडेल फार जोरात पळवतात. घड्याळ लावून एकदा मोजा, आश्चर्य वाटेल.

नव्या इंजिनाला गाडी न जोडता अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे फिरवावं. मग तेलाचा एकेक थेंब, टाचणीच्या टोकाने. जास्त तेल रुळावर येतं, त्यात धूळ बसते, काळा थर होतो आणि वीज अडते. रूळ अल्कोहोलने पुसा, चाकंही पुसा. चाकांना टेकणारी फॉस्फर ब्राँझची तार हलकी ठेवा, घट्ट झाली की तीच ब्रेक होते. सांध्यांत मधला काटा प्लॅस्टिकचा असेल तर तिथे वीज नसते. आपल्या इंजिनाच्या पहिल्या आणि शेवटच्या आसात अंतर जेमतेम ६२ मिलिमीटर. सहाही चाकं वीज घेत असतील तरच ते असल्या जागेवरून सरकत जाईल.

जाता जाता आपल्याकडचं एक. आपली ब्रॉडगेज साडेपाच फुटांची. फुटाला ३ मिलिमीटर असं प्रमाण धरलं तर ती होते बरोबर १६.५ मिलिमीटर, म्हणजे जगभर सर्वांत सहज मिळणाऱ्या छोट्या रुळांचं माप. ब्रिटिश मंडळी तेच रूळ ४ मिलिमीटरच्या इंजिनाखाली घालतात. त्यांचं गेज खरं तर १८.८३ मिलिमीटर यायला हवं, म्हणून तिकडे त्यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहेत. भारतीय इंजिन स्वतः बांधू पाहणाऱ्याला मात्र हे माप आयतं मिळतं. छोट्या गाड्या प्रत्यक्ष चालताना पाहायच्या असतील तर कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय जरूर पाहा. तिथे एकदा गाडीच्या रंगाकडे न पाहता चाकांकडे बघत उभे राहा.

घरी किट आणलंत तर क्रम लक्षात ठेवा: आधी चौकट, मग दांडे, मग काचेवरची परीक्षा, मग मोटर, आणि वरचा भाग सगळ्यात शेवटी. धुरांडं लावायची घाई प्रत्येकाला होते. ते खोक्यातच राहू द्या, सहा चाकं नीट फिरेपर्यंत.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ या.