ऑटिझमची प्रश्नावली आपल्या घरांना किती समजते?

दोन वर्षांचं मूल हाक मारली तरी वळून बघत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही. अम्मीला काळजी वाटते, पण दादी म्हणते, "याचे अब्बूसुद्धा उशिराच बोलले होते." अशात दोन-तीन वर्षं निघून जातात आणि ते मूल थेट आमच्या वर्गात येतं. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, जितकी लवकर ओळखली जाईल तितकी लवकर मुलाला मदत मिळते. म्हणून पहिली चाचणी महत्त्वाची.

जगभर वापरली जाणारी अशी एक चाचणी म्हणजे एम-चॅट. ती अमेरिकेत तयार झाली. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी 20 प्रश्न, आणि उत्तरं आई-वडिलांनी 'हो' किंवा 'नाही' अशी द्यायची. पण ती सगळ्या मुलांना सारखा न्याय देते का? फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयाने सुमारे 26 हजार मुलांची माहिती तपासून 2019 साली निष्कर्ष छापले. पुढे ज्यांना ऑटिझम निघाला, त्यातली निम्म्याहून जास्त मुलं या चाचणीत सुटली होती. गोऱ्या नसलेल्या आणि गरीब घरांतल्या मुलांच्या बाबतीत अचूकता आणखी कमी होती.

आता मोमिनपुऱ्यातलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. घरात उर्दू-हिंदी बोलतात आणि हातात फॉर्म येतो इंग्रजी किंवा मराठी. प्रश्न असतो, मूल डोळ्यांत बघतं का? मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं हा आपल्याकडे अदब. पण हा प्रश्न अम्मी खेळवताना, कपडे घालतानाच्या नजरेचा आहे, हे कुणी समजावून सांगत नाही. नावाला प्रतिसाद देतं का? फॉर्मवर नाव मोहम्मद अयान आणि घरात सगळे म्हणतात गुड्डू! मग उत्तर चुकणारच.

आपल्या देशातही साधनं तयार झाली आहेत. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने 2009 साली 40 मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी आणली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ऑटिझमचा समावेश आहे.

पालकांनी काय करावं?

- प्रश्न समजला नाही तर अंदाजाने खूण करू नका. आपल्या बोलीत समजावून मागा.
- घरातल्या हाकेच्या नावानेच मुलाला पारखा.
- एम-चॅटमध्ये 3 ते 7 गुण आले तर पुन्हा सविस्तर विचारपूस करायची असते. ती झाल्याशिवाय घरी परतू नका.
- गुण कमी आले तरी शंका राहिली, तर मेडिकल, मेयो किंवा एम्सच्या बालरोग विभागात दाखवा.
- "घरात दोन भाषा बोलता म्हणून मूल बोलत नाही" यावर विसंबू नका. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही.

प्रश्नावली निदान करत नाही, ती फक्त इशारा देते. तो इशारा आपल्या भाषेत मागणं हा आपल्या मुलांचा हक्क आहे. दादीच्या अनुभवाचा आदर ठेवा, पण तपासणीची तारीख पुढे ढकलू नका.